साठ ते नव्वद फूट

एप्रिल लागला की रस्त्यांवर वजनाची बंदी येई आणि आर्डन रुस्टाडची वीस टनांची बोअरची गाडी शेडमध्ये अडकून पडे. हिवाळाभर गोठलेली जमीन वितळायला लागली की मिनेसोटातले आडरस्ते भिजलेल्या पावासारखे मऊ होतात. त्यांच्यावरून अवजड गाडी नेली तर रस्ता फाटतो आणि दंड बसतो. म्हणून मे निम्मा होईपर्यंत बोअरवाले हातावर हात ठेवून बसतात. आर्डनच्या बाबतीत बसणं म्हणजे स्वयंपाकघरात उगाच ये-जा करून बायकोच्या, डार्लाच्या, पायात पायात येणं.

यंदा मात्र त्याला एक उद्योग मिळाला होता. जेवणाच्या टेबलावर मुलगी, ब्रिटा, किती वेळा ‘व्हिटकोम सर’ म्हणते, ते तो मोजत होता.

गेल्या सोमवारी सात वेळा. मंगळवारी पाच. बुधवारी तीनच, पण बुधवारी ब्रिटाला चर्चमध्ये जायचं असल्यामुळे जेवण पंधरा मिनिटांत उरकलं होतं. वेळेच्या हिशेबाने पाहिलं तर बुधवारच सगळ्यांत वाईट.

“व्हिटकोम सर म्हणतात, निळी माती असा काही प्रकारच नसतो,” ब्रिटा हॉटडिशच्या भाजलेल्या खिम्यावरचा बटाट्याचा गोळा काट्याने फोडत म्हणाली. ती सोळा वर्षांची होती, गावातल्या हायस्कुलात दहावीला; व्हिटकोम तिचे विज्ञानाचे सर. “हिमनदीने खरवडून आणलेला माल आहे तो. माती, वाळू, गोटे, सगळी मिसळ.”

“असं का? मग सत्तावीस वर्षं मी कशात भोकं पाडतोय?”

“बाबा, मी तुला काही म्हणत नाहीये. नावाबद्दल बोलतेय.”

“तुझ्या आजोबांनी ठेवलेलं नाव आहे ते.”

“तुझ्या वडिलांनी कुत्र्याचं नावही ‘कुत्रा’च ठेवलं होतं,” डार्ला म्हणाली. ब्रिटाला ठसका लागला. आर्डनला हसू आलं नाही.

फ्रिजवर चुंबकाखाली ऑनर्स वर्गाचा अर्ज लावलेला होता. अकरावी-बारावीची दोन वर्षं, रोज दुपारी एकनंतर विज्ञानाचा जादा अभ्यास, आणि उन्हाळ्यात सहा आठवडे विद्यापीठाच्या वसतिगृहात राहून काम. अख्ख्या शाळेतून सहा मुलं घेणार होते. खाली दोन रेघा होत्या: एक पालकाच्या सहीसाठी, एक शिक्षकाच्या शिफारशीसाठी. मुदत शुक्रवारची. दोन्ही रेघा अजून कोऱ्या होत्या.

आर्डनचा बेत वेगळा होता. नोकरीधंदा करणाऱ्या मुलांना शाळा अकरावीपासून दुपारी लवकर सोडते. तशी ब्रिटा सुटेल, जेवून थेट बोअरवर येईल, थरांच्या नोंदी करेल, आणि सज्ञान झाली की बोअर चालवायचा लिव्हर हातात घेईल. हा बेत कुणी कागदावर लिहिला नव्हता. पण ती सहा वर्षांची असताना त्याने तिच्या जिभेवर चिमूटभर ओली माती ठेवली होती, त्या दिवसापासून तो ठरलेलाच होता. दाताखाली करकरली तर गाळ, लोण्यासारखी पसरली तर चिकणमाती. प्रयोगशाळेत दोन दिवस लागतात ते दात एका क्षणात सांगतात. पोरगी थुंकली होती, तोंड पुसलं होतं आणि म्हणाली होती, “करकरली.” बरोबर होतं.

आता तिच्या गळ्यात काळ्या दोरीवर भिंग असायचं. व्हिटकोम सरांनी वापरायला दिलेलं. मार्चमध्ये आर्डनने जुन्या बोअरचा थोडा चुरा मुद्दाम तिच्यापुढे धरला, तर तिने तो तळहातावर घेऊन भिंगाखाली धरला. तोंडात घातला नाही.

“सही कधी करणार आहेस?” ब्रिटा वर गेल्यावर डार्लाने विचारलं. ती वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि रोज दोनशे माणसांचं जेवण काढत असल्यामुळे तिला ताटकळणं माहीत नव्हतं. “की फ्रिजलाच शिकायला पाठवायचंय?”

“विचार करतोय.”

“विचार नाही करत आहेस. जळतोयस.”

“कुणावर? त्या सायकलवाल्यावर?”

“त्याच्यावरच. माझ्या बहिणीच्या लग्नात मी लार्सबरोबर नाचले होते, तेव्हा असंच तोंड केलं होतंस.”

“लार्सला निदान खांदे तरी होते,” आर्डन म्हणाला.

ते खरं होतं. व्हिटकोम एप्रिलच्या चिखलात सायकलवरून शाळेत यायचा, डाव्या पायाची पँट मोज्यात खोचून. असल्या माणसावर जळायची लाज वाटावी, आणि आर्डनला ती वाटतही होती. पण लाज वाटली म्हणून जळणं कमी होत नाही.

मंगळवारी पालकसभा होती. डार्लाची पाळी असल्यामुळे आर्डन एकटाच गेला. जिममध्ये बास्केटबॉलच्या रेघांवर घडीची टेबलं मांडून प्रत्येक शिक्षक आपल्या नावाच्या पाटीमागे बसला होता, आणि सगळ्यांत लांब रांग व्हिटकोमपुढे होती. आर्डनने तीही मोजली. अकरा माणसं. बेसबॉलच्या कोचपुढे दोन होती.

नंबर आला तसा व्हिटकोमने अंडी उकडायचं घड्याळ दहा मिनिटांवर लावलं आणि टेबलावर एक लांब कागद उलगडला. त्यावर तालुक्याची जमीन उभी चिरल्यासारखी काढली होती. पूर्वेकडून पश्चिमेकडे नऊ विहिरी, आणि त्यांच्यामधून जाणारे रंगीत थर.

“बोअरवाल्यांनी भरलेल्या नोंदी सरकार सगळ्यांना बघायला ठेवतं, तुम्हाला ठाऊकच आहे,” व्हिटकोम म्हणाला. “नऊ नोंदी दिल्या आणि मुलांना मधली जमीन काढायला सांगितली. अठ्ठावीस मुलांत हा कागद सगळ्यांत चांगला. अठरा वर्षांत मी पाहिलेल्यांतही.”

“ती लहानपणापासून माझ्याबरोबर असते,” आर्डन म्हणाला.

“दिसतंच की. पण इथे बघा.” व्हिटकोमने सहाव्या विहिरीवर बोट ठेवलं. “नोंद सांगते, बारा फुटांपासून एकशे चार फुटांपर्यंत सलग निळी माती. ब्रिटाने मात्र एकाहत्तर ते पंच्याऐंशीच्या मधून वाळूचा थर सरळ पार नेलाय. शेजारच्या दोन्ही विहिरींत वाळू आहे, तेव्हा तिचं बरोबर असेलही. पण कशावरून, असं विचारलं तर म्हणते, मला वाटतं. तीनदा विचारलं. तीनदा तेच.”

आर्डनने सहाव्या विहिरीखालचे आकडे पुन्हा वाचले.

“मुलं चुकली तर माझी हरकत नसते, मिस्टर रुस्टाड. पण नोंद बाजूला सारायची तर कारण द्यावं लागतं. कारणाशिवाय मी शिफारस लिहिली तर ती खोटी होईल.” त्याने घसा साफ केला. “ही विहीर तुमची आहे. हाउगनच्या शेतातली. दोन वर्षांपूर्वीची. तुम्हाला काही आठवतंय का?”

आर्डनला सगळं आठवत होतं.

ऑगस्ट होता. दर पाच फुटांना वर आलेला चुरा चाळणीत धरायचा, धुवायचा आणि ओळीने ठेवायचा, ही बोअरची पद्धत. ब्रिटा तो डार्लाच्या केकच्या साच्यात ठेवायची. साच्याला बारा वाट्या, म्हणजे साठ फूट. साठ फुटांना साचा भरला. तो रिकामा करून पुन्हा सुरुवात करायची, तर ती म्हणाली, “बाबा, एकदा मला चालवू दे ना.” चौदा वर्षांच्या पोरीच्या हाती लिव्हर देणं नियमात बसत नव्हतं. आर्डनने इकडेतिकडे बघितलं. हाउगन गावात गेला होता. त्याने लिव्हर दिला.

पुढचे तीस फूट ती बोअर चालवत होती. ओठ घट्ट मिटलेले, टोपी मागे सरकलेली, मनगट सैल, अगदी त्याच्यासारखं. आर्डन तिच्याकडे बघत उभा होता आणि चाळणी गवतात पडली होती. नव्वद फुटांना त्याने लिव्हर परत घेतला, तोपर्यंत खालची माती पुन्हा निळी यायला लागली होती. संध्याकाळी गाडीत बसून त्याने नोंद सांगितली आणि तिने लिहून घेतली. वर निळी, खाली निळी, मग मधेही निळीच असणार.

“नोंद आहे तशी आहे,” आर्डन म्हणाला.

“नक्की?”

“सही आहे ना माझी?”

घड्याळ किणकिणलं. व्हिटकोमने कागदाची घडी घातली, चार कोपरे नीट जुळवून. “मग मला शिफारस देता येणार नाही,” तो म्हणाला. “वाईट वाटतं.” त्याने हात पुढे केला. हात मऊ होता.

बाहेर पार्किंगमध्ये आर्डनला इतकं हलकं वाटलं की त्याने शीळ घातली. त्याला नाही म्हणावं लागलं नव्हतं. डार्लाशी भांडण नाही, पोरीच्या नजरेत वाईट ठरणं नाही. शाळेनेच नाही म्हटलं होतं. त्याने फक्त एक जुनी नोंद होती तशी राहू दिली होती, आणि तेवढ्यात त्याची मुलगी त्याला परत मिळाली होती.

घरी येऊन त्याने सांगितलं, “सर शिफारस देत नाहीयेत म्हणे. त्या चित्रावरून.”

“बरं,” ब्रिटा म्हणाली. तिने एकदाच त्याच्याकडे पाहिलं. मग गळ्यातलं भिंग काढलं, दोरी त्याभोवती गुंडाळली, पाकिटात घातलं, पाकिटावर ‘व्हिटकोम सर’ लिहिलं आणि ते दप्तरात ठेवून वर गेली.

बुधवारी ‘व्हिटकोम सर’ शून्य वेळा. गुरुवारीही सकाळी शून्य. त्याला हवा होता तोच आकडा. पण बाकीचंही सगळं शून्यावर आलं होतं. ब्रिटा मीठ मागत होती आणि मीठ मिळाल्यावर थँक यू म्हणत होती. डार्ला दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

“काय झालं त्या सभेत?” तिने विचारलं.

“सांगितलं ना.”

“सांगितलंस तेवढंच झालं असतं, तर तू आज तीनदा ओटा पुसला नसतास.”

गुरुवारी दुपारी ब्रिटा शाळेतून परस्पर शेडमध्ये आली आणि न सांगता पाइपांच्या आट्यांना ग्रीस लावायला लागली. आर्डनने दुसरा ब्रश घेतला. बराच वेळ दोघं दोन टोकांकडून काम करत राहिले.

“तू सरांना कारण का नाही सांगितलंस?” शेवटी त्याने विचारलं.

“कुठलं कारण?”

“ब्रिटा.”

तिने ब्रश डब्यात ठेवला. “माझ्या हातात लिव्हर होता हे सांगू? मी चौदा वर्षांची होते. तुझं लायसन्स जाईल.”

“वाळू होती हे तुला कसं कळलं?”

“टाकीतला चिखल उतरला ना! पंपाने भोकात सोडलेला चिखल सगळाच्या सगळा परत यायला हवा. एकाहत्तरला तो कमी यायला लागला, म्हणजे खाली काहीतरी तो पीत होतं. आणि गोटे लागायचे बंद झाले, लिव्हर थरथरायचा थांबला. पंच्याऐंशीला परत थरथरायला लागला.” तिने ब्रश पुन्हा उचलला. “मी तेव्हाच म्हटलं होतं तुला.”

“काय म्हणालो मी?”

“म्हणालास, आता तुझा हात बसला, म्हणून सोपं जातंय.”

आर्डनला तेही आठवलं. त्या दिवशी तो ते कौतुकाने म्हणाला होता.

“मग माझ्या नोंदीप्रमाणेच काढायचंस ना सगळं,” तो म्हणाला. “निळं रंगवून मोकळी झाली असतीस. शिफारस मिळाली असती.”

“तिथे वाळू आहे, बाबा,” ब्रिटा म्हणाली, जणू त्याने तिला दोन आणि दोन पाच लिहायला सांगितलं होतं. “वाळू आहे तिथे माती कशी काढू?” मग खाली बघत तिने उरलेलं सांगितलं. “आणि सरांना काय सांगायचं? माझा बाप नोंदी मनाने भरतो? ते आधीच वर्गात सांगतात, बोअरवाल्यांच्या नोंदींवर फार विसंबू नका. सगळे हसतात. मी नाही हसत.”

आर्डनच्या हातातल्या ब्रशवरून ग्रीसचा गोळा बुटावर पडला. इतके दिवस तो तिचं जेवणाच्या टेबलावरचं एक टोक मोजत बसला होता. दुसऱ्या टोकाला तिने त्या वर्गात काय काय गिळलं होतं, त्याची नोंद त्याच्याकडे नव्हती.

“तुला जायचंय का त्या वर्गात?” त्याने विचारलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

“हो,” ती म्हणाली. आणि घाईघाईने, “पण शनिवारी मी बोअरवर येणार.”

शनिवार. आठवड्यातला एक दिवस. त्याने मान डोलावली.

शुक्रवारी सकाळी पहिली घंटा व्हायच्या आत तो शाळेत पोचला. ऑफिसातल्या बाईंनी त्याच्या शर्टावर ‘पाहुणा’ अशी चिकटपट्टी लावली. व्हिटकोम प्रयोगशाळेत मोज्यातून पँट सोडवत होता.

“साठ ते नव्वद फूट मी नमुने घेतले नाहीत,” आर्डन उभ्याउभ्याच म्हणाला. येताना गाडीत त्याने वाक्य ठरवलं होतं आणि ते संपायच्या आत थांबायचं नाही असंही ठरवलं होतं. “नोंद मी मनाने भरली. दुरुस्तीचा फॉर्म आणलाय. आजच पाठवतो.” त्याने फॉर्म टेबलावर ठेवला. त्या तीस फुटांपुढे पेनाने लिहिलं होतं: नमुना नाही.

व्हिटकोमने फॉर्म वाचला. “सत्तावीस वर्षांत असं कितीदा झालं?”

“या एकदाच.” व्हिटकोम बघतच राहिला, तसा आर्डन म्हणाला, “त्या दिवशी मी भोकाकडे बघत नव्हतो. तिच्याकडे बघत होतो. लिव्हर तिच्या हातात होता.”

आणि मग त्याने सगळं सांगितलं. टाकीतला चिखल, थांबलेली थरथर, एकाहत्तर आणि पंच्याऐंशी.

“म्हणजे तिला ते हाताला कळलं?” व्हिटकोम खुर्चीच्या कडेवर आला होता. “वाळूत शिरल्याचं? नेमक्या फुटावर?”

“पाइपांवर खुणा असतात. कुणालाही कळतं.”

“मला नाही कळणार,” व्हिटकोम म्हणाला. “मी अठरा वर्षं हे कागदावर शिकवतोय. एकदाही लिव्हर हातात धरलेला नाही.” तो नऊ विहिरींच्या कागदाकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडावर जे आलं ते आर्डनने बरोबर ओळखलं. गेले दोन महिने दाढी करताना तो तेच तोंड बघत होता.

त्याला फार बरं वाटलं. इतकं वाटू नये, हेही कळत होतं.

“शिफारशीत कारण लिहावं लागेल,” व्हिटकोम म्हणाला. “आणि तिच्या हातात लिव्हर होता, हेच कारण आहे. लिहू?”

“लिहा.”

“वरून तुम्हाला विचारणा होऊ शकते.”

“होईल तेव्हा देईन उत्तर. नमुने मी घेतले नाहीत आणि लिव्हर मी दिला, तिने नाही घेतला. तेही लिहा.” आर्डनने खिशातून ऑनर्स वर्गाचा अर्ज काढला. फ्रिजच्या चुंबकाचा गोल डाग त्यावर तसाच होता. पहिल्या रेघेवर सही होती. “दुसरी रेघ तुमची.”

व्हिटकोम सही करत असतानाच घंटा झाली आणि मुलं आत शिरली. ब्रिटा दारातच थबकली. आधी तिने बापाच्या शर्टावरची चिकटपट्टी पाहिली, मग टेबलावरचा फॉर्म, मग अर्ज. दप्तरातून पाकीट काढून तिने टेबलावर ठेवलं. व्हिटकोमने ते उघडलं, भिंग बाहेर काढलं आणि पुन्हा तिच्या हातात दिलं. तिने दोरी गळ्यात अडकवली. आर्डन खिडकीबाहेर सायकलींकडे बघत राहिला.

“मिस्टर रुस्टाड,” तो दाराशी पोचला तेव्हा व्हिटकोम म्हणाला, “तुमच्या बोअरवर एखादा दिवस मला येता येईल का? नुसता बघायला.”

अठ्ठावीस मुलं ऐकत होती.

“बंदी उठली की पहिल्या शनिवारी,” आर्डन म्हणाला. “पहाटे साडेपाचला निघतो. सायकल चालणार नाही. आणि मातीची चव घ्यावी लागते.”

मुलं हसली. ब्रिटाही हसली.

त्या संध्याकाळी जेवताना ती ‘व्हिटकोम सर’ अकरा वेळा म्हणाली. सरांनी कारण फळ्यावर लिहायला लावलं. सरांनी विचारलं, चिखल नेमका किती इंच उतरला. सर म्हणाले, हे कुठल्याच पुस्तकात नाही. डार्लाने तिसऱ्यांदा हॉटडिश वाढला आणि नवऱ्याकडे बघून भुवई उडवली. आर्डन खाली मान घालून जेवत होता आणि मोजत होता. अकराच्या अकरा टोचले. त्यांतल्या चार वाक्यांत ‘बाबा’ही होता. तेही त्याने मोजले.